साहेबांना निरोप देताना

मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणाऱ्या आम्हा लोकांना धूर नवा नाही. जानेवारी २०१६ अखेर देवनारच्या डंपिंगला लागलेली आग पुष्कळांना आठवत असेल. तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पण रोज पहाटे गल्लीच्या तोंडाशी पेटणाऱ्या ढिगाची बातमी कोण छापणार? पालापाचोळ्याबरोबर पिशव्या, थर्माकोल, जुन्या वायरी, सगळेच जळायचे. हा धूर उंच जात नाही, दारातून घरात शिरतो. त्यातले केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे बारीक कण फुप्फुसात खोल उतरतात. आणि लेकरू खोकू लागले की आपण दोष देतो थंड पाण्याला!

आमच्या विभागाचे स्वच्छता निरीक्षक या महिन्यात निवृत्त झाले. गेल्या रविवारी वंदनेनंतर विहारात त्यांचा सत्कार झाला. अधिकाऱ्यांची स्तुती करण्याची आम्हाला सवय नाही, हे वाचक जाणतात. तरी हे लिहायलाच हवे.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. मग पहिली नोटीस कोणाच्या हाती पडली असेल? झाडूवाल्या बाईच्या! ढीग पेटवताना तिलाच सर्वांनी पाहिले होते. ती आपलीच मावशी, आपलीच आक्का. ती का पेटवते, हे मात्र कोणी विचारले नव्हते. साहेब पहाटे हजेरीच्या वेळी चौकीवर जाऊन बसले आणि त्यांनी विचारले. गाडी दोन-दोन दिवस येत नाही, ढीग दिसला की मुकादम ओरडतो, पेटवला की ओरडा बंद. एवढेच कारण होते.

साहेबांनी नोटिसा थांबवल्या आणि गाडीची दुसरी फेरी मागितली. वर्षभर मागत राहिले. वरून उत्तर येईना, तेव्हा न उचललेल्या प्रत्येक ढिगाची जागा आणि वेळ ते एका वहीत लिहू लागले, आणि दर बैठकीत ती वही पुढे ठेवू लागले. अखेर फेरी मिळाली. पाल्यासाठी वस्तीमागे खड्डे केले. त्यातले खत आता महिला मंडळाच्या कुंड्यांना जाते.

म्युनिसिपालिटीच्या कामगारांची संघटना बाबासाहेबांनी स्वतः उभी केली होती. त्या कामगारांना गुन्हेगार न समजणारा अधिकारी आम्हाला भेटला, याचे मोल आम्हाला आहे. डंपिंग त्यांच्या हातात नव्हते. वारा फिरला की वास येतोच.

सत्काराला शाल आणि संविधानाची प्रत दिली. पोरांनी फटाक्यांची माळ आणली होती, ती भगिनींनी परत पाठवली. ठीकच केले, नाहीतर साहेबांना धुरानेच निरोप दिला असता! नोटीस मिळालेल्या मावशी दोन शब्द बोलायला उठल्या. ‘साहेब, माझे डोळे आता चुरचुरत नाहीत,’ म्हणाल्या आणि खाली बसल्या.

वही चौकीवरच ठेवली आहे. नवे साहेब रुजू झाले की मंडळाच्या भगिनी ती घेऊन त्यांना भेटणार आहेत.