इवल्या जिवाला आकडी आली तर

मुलांच्या हट्टापायी तुमच्याही घरी हॅमस्टर आलाय ना? मग एवढं लक्षात ठेवाच. कधी तो एकाएकी आडवा पडतो, पाय ताठ होतात, अंग थरथरतं. आपला जीव घाबरा होतो अन् हात कांद्याकडे जातो. पण कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी तर मुळीच घालू नका; श्वासनलिकेत जाईल. उचलूही नका. दिवा मालवा, गोंगाट थांबवा. मोबाइलवर चित्रण करून त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. झटके थांबेनातच, तर लगेच निघा. उन्हाळ्यात पिंजरा खिडकीत नको. उष्म्यानंही असं होतं. आणि मुलांना ‘झोपलाय हं’ म्हणून फसवू नका. त्यांनाच घड्याळ देऊन मिनिटं मोजायला बसवा. हाताला काम मिळालं की भीती कमी होते. त्यांची, अन् आपलीसुद्धा!