पावलाने श्वासाचे ऐकावे

अष्टांग विन्यास पद्धतीच्या अनेक वर्गांत, चेन्नईपासून पुण्यापर्यंत, एक नियम ब्रह्मवाक्यासारखा सांगितला जातो. सूर्यनमस्कारात चतुरंग दंडासनातून, म्हणजे हात-चवड्यांवर जमिनीलगत पेललेल्या आडव्या अंगातून, छाती उचललेल्या ऊर्ध्वमुख श्वानासनात जाताना दोन्ही पावले एकाच वेळी बोटांवरून लोळवून उलटी करायची. एकेक पाऊल उलटणारा कच्चा, गुडघे टेकणारा त्याहून कच्चा. हा आग्रह सोडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी या आग्रहामागचे खरे बळ मान्य करू. दोन्ही पावले एकदम लोळली की कंबर एका बाजूला झुकत नाही आणि एका श्वासात अंग सलग पुढे सरकते. ज्याची बोटे लवचीक आहेत, दंड आणि पोट भक्कम आहे, त्याला ही रीत शोभते. आक्षेप रीतीवर नाही, सक्तीवर आहे.

सक्तीचा पहिला आधार परंपरेचा. पण हठयोगप्रदीपिकेतल्या 15 आसनांत किंवा घेरंडसंहितेतल्या 32 आसनांत सूर्यनमस्कारच नाहीत, मग त्यातल्या बोटांचा नियम कुठून येणार? महाराष्ट्रात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. आपल्या शाळांत रुळलेल्या पद्धतीत साष्टांग नमस्कारापासून भुजंगासन आणि पर्वतासनापर्यंत चवडे रोवलेलेच राहतात. पावले लोळवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पिढ्यान्पिढ्या घातलेले हे नमस्कार काय चुकीचे होते?

दुसरा आधार गुरूंच्या नावाचा. या पद्धतीची वंशावळ तिरुमलै कृष्णमाचार्यांपर्यंत जाते. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत तरुण मुलांना त्यांनी उड्यांची, जोरकस विन्यासांची शिस्त लावली. पण 1952 च्या सुमारास ते मद्रासला आले आणि 1989 मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिले. तिथे त्यांच्यासमोर आजारी, वयस्क, संसारी माणसे बसू लागली, आणि ते एकेकाला त्याचे वय, प्रकृती पाहून शिकवू लागले. त्यांचे चिरंजीव देशिकाचार यांनी 1976 मध्ये मद्रासमध्येच स्थापलेल्या कृष्णमाचार्य योग मंदिरम्‌ने हेच सूत्र पुढे नेले: साधना माणसाला जुळवून घ्यायची, माणूस साधनेला नव्हे. ज्या गुरूने स्वतः माणसागणिक रीत बदलली, त्याच्या नावावर एकच रीत लादणे हा त्याच्या शिकवणीचा विपर्यास आहे.

तिसरा आधार ताकदीचा. जरा जवळून पाहा. लोळताना क्षणभर अंगाचा बराचसा भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर आणि बोटांच्या पेरांवर येतो. तो सांधा ताठ असेल तर दुखतो. चेन्नईच्या दमट हवेत घाम सुटलेला, त्यात रबरी मॅट कातडीला धरून ठेवते. बोट अडकते आणि अंग पुढे जाते. तिथल्याच कोरई गवताच्या चटईवर उलट पाऊल भलतीकडे घसरते. यात ताकदीची परीक्षा कुठे आली? वाढते ती दुखापत.

मग योग्य काय? श्वास घेत वर येताना तो तुटू नये, कंबर हेलकावू नये, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना अंगठा ठणकू नये. या तीन कसोट्यांवर उतरेल ती रीत योग्य. बोटे साथ देत असतील तर लोळवा. देत नसतील तर पोट आत घेऊन, खांदे स्थिर ठेवून आधी एक पाऊल उलटा, मग दुसरे, आणि रोज सुरुवातीचा पाय बदला. तेही जड जात असेल तर गुडघे टेका, दोन्ही पावले सावकाश उलटा आणि मग छाती उचला. परत अधोमुख श्वानासनात जाताना हाच विचार. यांतली कुठलीही रीत खालच्या इयत्तेची नाही.

शिक्षकांना एवढीच विनंती: वर्गात कुणाचे पाऊल अडखळले तर त्याला दटावू नका. त्याचा श्वास पाहा, अंगठा पाहा, आणि त्याला झेपेल ती रीत शिकवा.