शिसवाचे ऋण
मिशिगन राज्यातील कॅलामझू येथे गिब्सनच्या कारखान्यात 1958 ते 1960 या काळात सिद्ध झालेल्या लेस पॉल गिटारींना आज जे अपूर्व मोल लाभले आहे, ते केवळ नामांकित वादकांच्या कीर्तीचे फळ नसून, महोगनीच्या देहावर मेपलचा घडीव पृष्ठभाग चढविणाऱ्या, मान सरसाने सांधणाऱ्या आणि पडदे समतल घासणाऱ्या कारागिरांच्या कसबाचेही फळ आहे. विद्युत-गिटारीचा नाद तारांखालच्या चुंबकीय वेटोळ्यांत विजेचे रूप घेतो हे खरे. परंतु वादकाच्या बोटांखाली असते ते पडद्यांच्या पट्टीचे लाकूडच. त्या पट्टीच्या ब्राझिलियन शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1992 मध्ये जवळजवळ बंद झाला, आणि सह्याद्रीतही वाढणाऱ्या भारतीय शिसवावरील भार वाढला. 2017 मध्ये शिसवाच्या इतर साऱ्या जातींना परवान्याचे बंधन आले. 2019 मध्ये त्या जातींच्या तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ही सूट न्याय्यच आहे. तथापि जो धंदा शतायुषी वृक्षांवर उभा आहे, त्याने नफ्याचा निश्चित हिस्सा शिसवाच्या लागवडीस दिला पाहिजे, आणि आपल्या वनखात्याने तशी तजवीज विनाविलंब करावी.