‘हवा’ कुणाची, मतं कुणाला?

फेब्रुवारी २०२०. अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदान सुरू झालंय. आयोवा राज्यात एक उमेदवार चौथा येतो. आठवडाभरात न्यू हॅम्पशायरमध्ये थेट पाचवा. मग नेवाडात दुसरा, पण पहिल्यापेक्षा बराच मागे. तुमच्या कट्ट्यावर कुणी विचारलं असतं, ‘याचं पुढे काय?’ तर उत्तर एकच आलं असतं, ‘संपला विषय!’

त्या उमेदवाराचं नाव जो बायडेन. उमेदवारी त्यांनाच मिळाली आणि नोव्हेंबरची निवडणूकही त्यांनीच जिंकली.

अमेरिकेतल्या प्रायमरीच्या बातम्या वाचल्या तर ‘मोमेंटम’ हा शब्द तुम्हाला सारखा भेटेल. आपल्या भाषेत ‘हवा’. सुरुवातीला जो जिंकतो त्याची हवा होते आणि पुढची राज्यं आपोआप त्याच्यामागे जातात, असा हा सगळा हिशोब. पण असं खरंच होतं का?

आधी थोडं बेसिक. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. तिकडे ते मतदार ठरवतात, त्यालाच प्रायमरी म्हणतात. बेळगावातून अमेरिकेत गेलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून तिथल्या संसदेत पोहोचले, ते २०२२ मध्ये आधी पक्षाची प्रायमरी जिंकूनच. त्यांची प्रायमरी एका दिवसात आटोपली. राष्ट्राध्यक्षपदाची मात्र महिनोनमहिने चालते. एकेक राज्य मतदान करतं, लगेच रिझल्ट लागतो आणि त्या राज्याचे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, उमेदवारांच्या खात्यात जातात. ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त डेलिगेट, उमेदवारी त्याची.

आता गंमत बघा. २०२० मध्ये डेमोक्रॅट्सचे असे ३,९७९ डेलिगेट मतदानातून ठरणार होते. त्यातले आयोवाचे ४१ आणि न्यू हॅम्पशायरचे २४. दोन्ही मिळून दोन टक्केही नाहीत! तरी देशभरातले कॅमेरे आधी तिथेच, कारण सगळ्यांना हवा कुणाची ते बघायचं असतं.

ही हवा काहीच नसते असंही नाही. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतात, विचारही बरेचसे सारखे. मग पक्ष बघून मत देता येत नाही. सात-आठ जणांतले तिघं-चौघं आवडत असतील तर मतदार विचारतो, ‘यातला टिकणार कोण?’ त्याचं पहिलं उत्तर सुरुवातीच्या रिझल्टमधून मिळतं. वर्गणीदारही तेच बघतात आणि चॅनेलवालेही. १९७६ मध्ये जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांना देशात फारसं कुणी ओळखत नव्हतं. आयोवात पहिला नंबर ‘अजून कुणीच ठरवलेलं नाही’ या पर्यायाचा होता, कार्टर त्याच्या खाली होते. पण नाव असलेल्या उमेदवारांत ते पहिले, म्हणून चर्चा त्यांचीच झाली. पुढे न्यू हॅम्पशायर जिंकलं, उमेदवारी मिळवली आणि शेवटी व्हाइट हाउसही गाठलं.

पण चारच वर्षांनी रिपब्लिकन पक्षात उलटं घडलं. थोरल्या जॉर्ज बुश यांनी आयोवात रोनाल्ड रेगन यांना हरवलं आणि आपल्याकडे आता ‘बिग मो’, म्हणजे मोठा मोमेंटम आहे, असं जाहीर केलं. महिनाभरानं न्यू हॅम्पशायरमध्ये रेगन यांनी त्यांना दुपटीहून जास्त मतांनी पाडलं. २००८ मध्ये तर हवा पाचच दिवस टिकली. ओबामांनी आयोवा जिंकलं, मतचाचण्यांत ते न्यू हॅम्पशायरमध्येही पुढे दिसत होते आणि तिथे हिलरी क्लिंटन जिंकल्या. मग लढत जूनपर्यंत चालली. कृष्णवर्णीय आणि तरुण मतदार बहुतांशी ओबामांकडे, वयस्कर आणि श्वेतवर्णीय कामगार वर्ग बराचसा क्लिंटन यांच्याकडे. दोघांचेही मतदार ठरलेले होते, मग कालच्या रिझल्टनं कोण हलणार? शिवाय त्या पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात. एप्रिलमध्ये क्लिंटन यांनी पेनसिल्व्हेनियासारखं मोठं राज्य जिंकलं, तरी ओबामांची आघाडी फारशी घटली नाही.

आता बायडेन यांच्याकडे परत येऊ. २०२० मध्ये पहिल्या तिन्ही राज्यांत सर्वाधिक मतं बर्नी सँडर्स यांना होती, म्हणजे हवा त्यांची. पण आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही जवळपास नव्वद टक्के श्वेतवर्णीयांची राज्यं. बायडेन यांचा भरवसा होता कृष्णवर्णीय मतदारांवर, आणि त्यांची पाळी आली चौथ्या राज्यात, साउथ कॅरोलिनात. तिथले वजनदार खासदार जिम क्लायबर्न यांनी आधी पाठिंबा दिला आणि २९ फेब्रुवारीला बायडेन दणक्यात जिंकले. इथे वारं फिरलं असं म्हणण्यापेक्षा त्यांचे मतदार उशिरा रांगेत आले, असं म्हणणं जास्त बरोबर.

हवा झाली ती त्यानंतरच्या तीन दिवसांत. पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार यांनी माघार घेऊन बायडेन यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला १४ राज्यांपैकी १० बायडेन यांनी जिंकली. त्यात एलिझाबेथ वॉरन यांचं स्वतःचं मॅसॅच्युसेट्सही होतं! मतदारांना ‘सँडर्स नकोत तर मग कोण?’ याचं उत्तर हवं होतं, ते मिळालं.

म्हणून माझं मत असं: मोमेंटम खरा असतो, पण तो कुंपणावरच्या मतदारावरच चालतो. उमेदवार भरपूर आणि सारखे असतील तेव्हा तो गर्दी कमी करतो. लढत दोघांत आली, लोकांनी बाजू ठरवली, की पुढचं काम आकडेमोडीचं. त्यामुळे २०२८ च्या प्रायमरीत पहिल्याच रिझल्टवर ‘ठरलं आता’ अशी हेडलाइन दिसली, तर दोनच गोष्टी तपासा. अजून किती लोक कुंपणावर आहेत? आणि कुणाच्या मतदारांची पाळी यायची आहे?

आपल्याकडे या हवेचा बंदोबस्त कायद्यानंच केलाय. २०२४ ची लोकसभा सात टप्प्यांत झाली, महाराष्ट्रात पाच. पण पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदी होती आणि मतमोजणी सगळीकडची एकत्र, ४ जूनला. म्हणजे १९ एप्रिलला नागपूरनं काय केलं, हे २० मे रोजी ठाण्याच्या रांगेत कुणालाच माहीत नव्हतं.

त्या रांगेत मी होते, आयुष्यातलं पहिलं लोकसभेचं मत द्यायला. मागचे काका म्हणाले, ‘हवा बघून टाक गं, नाहीतर मत वाया जातं.’ तेव्हा नुसतीच हसले. आज विचारलं तर सांगेन, ‘काका, अजून एकही मत मोजलेलं नाही. तुम्हाला हवा दिसली कुठे?’