मंद चेंडूचा मानकरी

गोलंदाजाचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हाती विसावतो न विसावतो तोच पडद्यावर त्याच्या वेगाचा आकडा झळकावा आणि तेवढ्यावरून समालोचकांनी त्या गोलंदाजाची योग्यता मुक्रर करून टाकावी, हा शिरस्ता आता इतका रूढ झाला आहे की वेगमापक यंत्राविरुद्धची माझी जुनी फिर्याद ऐकून काही वाचकही कंटाळलेले दिसतात. त्यांपैकी एकाने तर या आठवड्यात, ज्याच्या चेंडूला वेग नाही त्याने तिशीनंतर मैदानावरची जागा अडवावीच कशाला, असा रोखठोक सवाल केला आहे. या सवालाला उत्तर देण्यास क्रिकेटपेक्षा बेसबॉल अधिक सोयीचा, कारण वेगाची उपासना तिथेही तितकीच कडवी आहे, आणि जेमी मॉयर तिथलाच.

1995 सालअखेर या डावखुऱ्या पिचरच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाच्या, खात्यावर 59 विजय आणि 76 पराभव जमा होते. शिकागो, टेक्सास, सेंट लुईस, बाल्टिमोर अशी त्याची चाकरी फिरती राहिली. 1992 च्या वसंतात तर शिकागो कब्जने त्याला खेळाडू म्हणून बडतर्फ करून प्रशिक्षकाची जागा देऊ केली, तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. ती नाकारून तो टोलिडोच्या दुय्यम संघात रुजू झाला. पुढे तो बॉस्टनकडे गेला, आणि 30 जुलै 1996 रोजी बॉस्टनने डॅरेन ब्रॅगच्या बदल्यात त्याला सिॲटल मरिनर्सच्या हवाली केले, आणि तिथे दहा वर्षांत त्याने 145 सामने जिंकले.

हा आकडा नुसता वाचून सोडून देण्यासारखा नाही. त्याच संघात तेव्हा रँडी जॉन्सन होता: तोही डावखुरा, मॉयरहून दहा महिन्यांनी लहान, उंची सहा फूट दहा इंच, आणि चेंडूचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास; मॉयरचा फास्टबॉल मात्र ऐंशीच्या जेमतेम पुढे जाई. 1997 साली जॉन्सनने 20 जिंकले, 4 हरले. मॉयरने 17 जिंकले, 5 हरले. पाठीशी भक्कम फलंदाजी होती म्हणून मॉयर जिंकला असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की त्या वर्षी तेच फलंदाज जॉन्सनच्याही पाठीशी होते. जॉन्सन थोर पिचर, याविषयी मला तिळमात्र शंका नाही; कारकिर्दीत 303 विजय आणि सर्वोत्तम पिचरला दिले जाणारे पाच साय यंग पुरस्कार मिळवणाऱ्याचे थोरपण कोण नाकारील? तथापि सिॲटलच्या दप्तरात जॉन्सनच्या नावावर 130 विजय आहेत आणि मॉयरच्या नावावर 145, ही नोंद वेगाच्या भक्तांनी एकदा तरी शांतपणे वाचावी.

मॉयरचे हत्यार म्हणजे चेंज-अप. तो टाकताना चेंडू बोटांच्या टोकांवर न धरता तळहाताकडे खोल धरतात, हात मात्र फास्टबॉलच्याच आवेशाने फिरवतात. साठ फूट सहा इंचांवर उभा असलेला फलंदाज त्या हातावर विश्वास ठेवून बॅट फिरवून बसतो, तेव्हा चेंडू अजून वाटेतच असतो. ही फसगत साधण्यासाठी कोणता फलंदाज उतावीळ, कोणाला आतला चेंडू दाखवला की बाहेरच्यावर तो चुकतो, याची जाण लागते, आणि ती जाण हंगामामागून हंगाम एका जागी टिकल्यावाचून पक्की होत नाही. खांद्यातला जोर वयाबरोबर घटतो, फलंदाजांची ही जाण मात्र वाढत जाते. म्हणूनच 2003 साली, चाळिशीत, मॉयरने 21 सामने जिंकले आणि ऑल-स्टार संघात प्रथमच त्याची निवड झाली. सिॲटलने त्याला मुदत दिली, हे त्या संघाचे शहाणपण मी मॉयरच्या कसबाइतकेच मोलाचे मानतो.

बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानाच्या हॉल ऑफ फेमच्या मतदारांनी मात्र 2018 साली त्याला पाच टक्केही मते न देता पहिल्याच खेपेस यादीतून गाळले. त्याच्या चेंडूंवर 522 होम रन गेल्या, आणि इतक्या दुसऱ्या कोणत्याही पिचरच्या चेंडूंवर गेल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण 269 विजय मिळवून, 17 एप्रिल 2012 रोजी एकोणपन्नासाव्या वर्षी कोलोरॅडोसाठी सामना जिंकून, मेजर लीगमधला सर्वांत वयस्कर विजयी पिचर ठरलेल्या माणसाचा विचार करण्यास एक वर्ष पुरेसे नव्हते. ते नाव आणखी काही वर्षे यादीवर राहायला हवे होते.