बोल्ट कोणी आवळायचा होता?

ही गेल्या ऊस हंगामातली गोष्ट. रात्री साडेआठच्या सुमाराला आमच्या वस्तीतली एक बाई घरी आली. हातात गॅरेजचे बिल होते आणि त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेला हिशेब. "भाऊ, एवढं वाचून सांगा. पोरगं दोन दिस झालं नीट जेवंना."

क्रेन ४,५०० रुपये, सुटे भाग २९,०००, क्रँक घासणे व मशीनकाम ९,५००, मजुरी ११,०००. एकूण ५४,०००. मी कारकून माणूस, आधी बेरीज बघतो. बेरीज बरोबर होती. खाली एकच ओळ होती : पगारातून वळते. मुलगा एकोणीस वर्षांचा, पगार महिना ९,०००. म्हणजे सहा महिने घरात त्याचा एक रुपया येणार नव्हता. धाकटी बहीण बारावीला.

आपली टेंभुर्णी हमरस्त्यावरची. पुणे-सोलापूर रस्ता गावाला लागून, शिवाय पंढरपूरकडे, करमाळ्याकडे आणि कुर्डुवाडीकडे जाणारे फाटे. कारखान्यांचे गाळप सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते आणि गॅरेजवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. दहावी-बारावीनंतर आपली कितीतरी मुले याच धंद्यात हेल्पर म्हणून लागतात.

झाले ते असे. भाजीपाल्याचा एक पिकअप ऑइल बदलायला आला होता. मुलाने चेंबरखालचा बोल्ट काढला, जुने ऑइल सोडले, फिल्टर बदलला आणि बोल्ट हाताने फिरवून बसवला. पान्याने आवळणार तोच मालकाने हाक मारली. ट्रॉलीचे चाक काढायचे होते. तो तिकडे धावला. इकडे मिस्त्रीने बोल्ट जागेवर दिसला म्हणून नवे ऑइल ओतले, इंजिन चालू करून पाहिले आणि चावी देऊन टाकली.

हाताने बसवलेला बोल्ट लगेच पडत नाही. इंजिन तापते, थरथरते, तसा तो एकेक आटा सुटत जातो. भीमानगर मागे पडल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. ड्रायव्हरने विचार केला, ऑइल तर आत्ताच बदललेय, दिवाच बिघडला असेल. इंदापूरच्या अलीकडे इंजिन जाम झाले. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो तो गेला की लोखंड लोखंडाला घासते, आणि मग थोड्या मिनिटांत सगळे संपते. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : तो दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे, पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ म्हणायचे नाही. तो ड्रायव्हर तिथेच थांबला असता तर बोल्ट, ऑइल आणि क्रेन एवढ्यावर बहुधा भागले असते.

रविवारी मी गॅरेजवर गेलो. मालक माणूस वाईट नाही, तोही कधीकाळी हेल्परच होता. त्याने चहा मागवला. मी विचारले, गाडी आत घेताना काय काम करायचे ते लिहून घेतले होते का? नाही. झालेले काम कोणी तपासायचे हे ठरले होते का? नाही. पोराला अर्ध्या कामातून कोणी उठवले? यावर तो गप्प बसला.

बी.कॉम.ला कायद्याच्या पेपरात 'निक्षेप' नावाचे प्रकरण होते. तेव्हा मार्कांपुरते पाठ केले, ते इतक्या वर्षांनी गॅरेजमध्ये कामाला आले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे दुरुस्तीला दिलेली गाडी ही गॅरेजमालकाच्या ताब्यातली वस्तू होय, आणि सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यायची, असे कलम १५१ सांगते. म्हणजे गाडीवाल्याला उत्तर देणार मालक. हेल्परचा गाडीवाल्याशी करारच नाही. हेल्परकडून वसूल करायचे तर तो वेगळा हिशेब. पूर्वी त्याला १९३६ चा वेतन कायदा होता, पुढे २०१९ ची वेतन संहिता झाली. नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झालेले असावे, कापण्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे, हे दोन्हींत आहे. आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये, असे संहिता म्हणते. इथे तर पुरा पगार चालला होता.

"तुमचा कायदा खरा असंल साहेब," मालक म्हणाला, "पण गाडीवाला दारात बसलाय. चोपन्न हजार मी कुठनं आणू?" तेही खोटे नव्हते. त्याच महिन्यात बॅटरीची वायर न काढता वेल्डिंग केल्यामुळे एका गाडीची इलेक्ट्रॉनिक पेटी त्याच्या अंगावर आली होती.

पैशाने भरून येते तोवर ठीक. ट्रकच्या चाकात हवा भरताना लॉक रिंग नीट बसलेली नसली तर ती गोळीसारखी उडते आणि माणूस जागेवर जातो. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून हवा भरायची असते. त्या गॅरेजात पिंजरा नव्हता. पोराचा विमाही नव्हता. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण आहे, बँकेत खाते असले की झाले. तो फॉर्म मी दुसऱ्याच दिवशी भरून घेतला.

शेवटी गाडीवाल्याला बोलावले. लाल दिव्याचे त्याने कबूल केले आणि १२,००० सोसले. मिस्त्रीने ६,००० देऊ केले, मालकाने ३०,००० उचलले. राहिलेले ६,००० मुलाने महिना ५०० प्रमाणे द्यायचे ठरले. मला तेही पटत नव्हते. पण पोरगाच म्हणाला, "काका, बोल्ट मीच लावला होता." त्यावर मी काय बोलणार?

आता तिथे एक शंभर पानी वही टांगलेली आहे. गाडीचा नंबर, काम, कोणी केले, कोणी तपासले. बोल्ट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, बोल्टपासून चेंबरपर्यंत सरळ. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. हंगामाच्या गर्दीत वही दोनदा कोरी राहिली, हेही मला ठाऊक आहे.

त्याची आई दर महिन्याला पगाराची चिठ्ठी घेऊन येते. परवा सातवी आणली. बेरीज मी तपासून दिली. पाच राहिल्या.