घरसंसार : लेकराची उंची आणि मोटारीचा पट्टा

दिवाळी आली की शहरातल्या घरांना गावाची ओढ लागते. वाशीम जिल्ह्यातले जऊळकेच घ्या. अकोला-पूर्णा मार्गावरचे हे स्टेशन. एके काळी इथे मीटरगेजच्या गाडीने माणसे उतरत. मोटारीचा प्रश्नच नसे. आज नागपूरकडचे कुटुंब आपली मोटार काढते आणि समृद्धी महामार्गाला लागते. या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर १९२२ नव्हे, अगदी कालपरवा, २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर! प्रवास झटपट झाला खरा. पण मागच्या आसनावर बसलेल्या सात वर्षांच्या बाळूचे काय?

पुष्कळ घरांत तान्ह्या बाळाची काळजी घेतली जाते आणि मूल शाळेत जाऊ लागले की “आता मोठा झाला” म्हणून त्याला मोठ्यांचा पट्टा लावतात. हा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाने केलेला असतो. मुलाच्या अंगावर त्याची वरची पट्टी मानेला घासते आणि खालची पोटावर चढते. मानेला काचते म्हणून मूल वरची पट्टी काखेखालून घेते. धक्का बसला की सारा भार मग बरगड्यांवर आणि पोटातल्या नाजूक अवयवांवर पडतो. पट्ट्याने धरायचे असते ते खांद्याच्या व कमरेच्या हाडांना.

यावर उपाय म्हणजे बूस्टर, अर्थात मुलाला उंच करणारे आसन. ते स्वतः मुलाला बांधत नाही. मुलाला पट्ट्याच्या मापात आणते. विलायतेत बारा वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यांतले जे आधी होईल तोवर ते कायद्याने लागते. जर्मनीत ही उंची १५० सेंटिमीटर आहे. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना वा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे.

खरेदीला जाताना मूल आणि मोटार दोन्ही बरोबर न्यावीत. पाठ असलेले बूस्टर पसंत करावे; त्यात डोक्याला बाजूचा आधार मिळतो आणि खांद्याचा पट्टा जागेवर राहतो. बिनपाठीचे, नुसत्या बैठकीचे आसन साधारण १२५ सेंटिमीटरनंतरच. आसनावर प्रमाणाची चिठ्ठी पाहावी : युरोपीय आर १२९ किंवा आपले एआयएस ०७२. कमरेपुरताच पट्टा असलेल्या जागी बूस्टर ठेवू नये. खांद्यावरून येणारा पट्टा हवाच. जुने आसन घेताना ते अपघातातून गेलेले नाही याची खात्री नसेल, तर स्वस्तही नको. घरची उशी तर मुळीच नको. ती दबते, सरकते आणि मूल पट्ट्याखालून निसटते. रिकामे बूस्टरही बांधून ठेवावे.

बूस्टर कधी सोडावे? वयावर जाऊ नका. मुलाची पाठ आसनाला टेकलेली असताना गुडघे कडेवर नीट वळतात का? वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध आणि खालचा मांड्यांवर बसतो का? सारा प्रवास मूल तसेच बसते का? सगळ्यांची उत्तरे “हो” आली तरच आसन काढावे.

राहता राहिली आजी. दारात मोटार थांबताच ती म्हणेल, “लेकराले असं बांधून कायले आणलं?” आणि शेतावर जाताना त्याला मांडीवर घेऊ पाहील. तिच्या मायेला नावे ठेवू नका, हिशेब सांगा. वीस किलोचे मूल ताशी ५० च्या वेगात असताना मोटार सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्याला धरायला सुमारे २८० किलोचा जोर लागतो. एवढे बळ कोणत्या हातांत असते? आजीला सांगा, मांडी घरी पोचल्यावर, मोटारीत पट्टा. शेताचा रस्ता दोन मैलांचा असला तरी नियम तोच.

फराळ, कंदील, नवे कपडे यांच्या यादीत यंदा हे आसनही लिहा. घराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलीने मांडायची आपली जुनी रीत आहेच. तीच आता उपयोगी पडेल.